घरी कुठल्या रस्त्याने जाता?

परवा दुकानात एक गिऱ्हाईक आलं. गौलीगुड्यात माझं बेअरिंग, पट्टे आणि फिल्टरचं दुकान आहे. त्याने नवी बसकी, वेगवान गाडी घेतली होती आणि तिच्यासाठी त्याला बाहेरचा इन्टेक हवा होता. इंजिनला हवा मिळावी म्हणून कंपनी जो प्लास्टिकचा डबा आणि नळी बसवते, ती काढायची आणि जास्त हवा ओढणारी दुसरी बसवायची, असं ते काम. त्याने मोबाईलवर चार चित्रं दाखवली आणि म्हणाला, "यातला कुठला चांगला?"

मी भाव सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "घरी कुठल्या रस्त्याने जाता?"

गिऱ्हाईक चमकलं. मीही चमकलो. हा प्रश्न माझा नाही, रंगनाथ मास्तरांचा आहे. मास्तर गाव सोडून गेले त्याला वर्ष व्हायला आलं. माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि त्यांचा प्रश्न असा न विचारता माझ्या तोंडात येऊन बसतो.

काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं आणि घराच्या बाजूला पत्र्याची शेड. सरकारी प्रशिक्षण शाळेत तीस वर्षं त्यांनी मुलांना इंजिन शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक घरात बसतात, हे शेडमध्ये बसले. पांढरा सदरा, खिशात खडू, पायात रबरी चपला. सदऱ्याला ग्रीसचा डाग कधी दिसला नाही. काम करताना ते सदरा काढून खिळ्याला अडकवत आणि बनियनवर काम करत. गिऱ्हाईक आलं की आधी सदरा घालत, मग बोलत. बनियनवर बोलणं त्यांना वर्गात बनियनवर उभं राहण्यासारखं वाटायचं.

काम फक्त हवेचं. ब्रेक, क्लच, रंग, काहीही घेऊन जा, "नक्को" म्हणायचे. "पुढच्या गल्लीत अन्वरभाई आहेत, माझ्यापेक्षा चांगलं करतात." आलेलं गिऱ्हाईक असं दुसऱ्याकडे पाठवणारा माणूस मी बाजारात दुसरा पाहिला नाही. मला ते बावळटपणाचं वाटायचं. आजही थोडं वाटतं.

मी गौलीगुड्याच्या फुटपाथवर गोणपाट अंथरून जुने बेअरिंग विकायला सुरुवात केली. तिथून दुकान केलं, मग मलकपेठेत रेसकोर्सच्या मागे घर बांधलं. पंचेचाळिसाव्या वर्षी एक दिवस लाल रंगाची स्पोर्ट सेडान घेतली. वापरलेली होती, पण टर्बो होती. चार दिवस जुन्या मालकाच्या डोक्यावर बसून भाव पाडला होता. गाडी सुरेख पळायची, फक्त आवाज नव्हता. इतकी वर्षं खाली मान घालून ओझी वाहिली, आता मी येतोय हे रस्त्याला कळायला नको? म्हणून इन्टेक. आणि इन्टेकसाठी सगळे एकच नाव सांगत, काचीगुड्याचे मास्तर.

पहिल्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. इंजिन चालू करायला सांगितलं आणि रबरी नळीचा एक तुकडा कानाला लावून, दुसरं टोक जाळीपाशी धरून डोळे मिटून बसले. मी घड्याळ बघत होतो.

"दमते," ते म्हणाले. "पण थोडीच. एक किलो पेट्रोल जाळायला तिला चौदा-पंधरा किलो हवा लागते, शेठ. आपण तिच्या खाण्याचं बोलतो, श्वासाचं कुणी बोलत नाही."

"ते असू द्या. आवाज येईल ना?"

"येईल. आवाज कुणाला पाहिजे, गाडीला की तुम्हाला?"

तिथे बसलेले दोघेतिघे हसले. पहिली गाठ तिथे बसली. चारचौघांत मला हसलेलं चालत नाही.

मग त्यांनी बाकावर तीन इन्टेक मांडले. वर्गात मांडावेत तसे, समान अंतरावर. पहिला उघडा, इंजिनच्या शेजारीच बसणारा मोठा शंकू. आवाज सगळ्यात जास्त याचा. दुसरा लांब नळीचा. त्याचा फिल्टर खाली, पुढच्या बंपरच्या आत चाकाजवळ बसतो आणि बाहेरची थंड हवा घेतो. तिसरा बंद डब्याचा. त्याचं तोंड वर, जाळीच्या मागे. आवाज कमी, दिसायला साधा.

"तिघंही हुशार आहेत," मास्तर म्हणाले. "कुणाला कुठल्या वर्गात बसवायचं, एवढाच प्रश्न आहे."

उघड्या शंकूचं काय होतं ते मी तिथेच पाहिलं. पुण्याहून आलेला, माधापूरला कंपनीत काम करणारा एक तरुण शंकूसाठी हट्ट धरून बसला होता. मास्तरांनी वाद घातला नाही. लांब तारेचा एक थर्मामीटर काढला, तारेचं टोक शंकूपाशी बांधलं, आकडा दाखवणारी डबी त्याच्या हातात दिली आणि भर मे महिन्यात दुपारी त्याला घेऊन कोठी बाजाराच्या गर्दीत गेले. तासाभराने परत आले तेव्हा तो तरुण घामाने निथळत होता आणि डबीकडे बघत होता.

"सर, हे साठच्या वर गेलं."

"हौ. उभी राहिली की ती स्वतःचीच वाफ पिते. तुमच्या आईनं तुम्हाला उन्हातून आल्यावर उकळतं पाणी दिलं तर?"

"पण सर, आवाज काय भारी येतो!"

"मग असं करा, आवाज रेकॉर्ड करून आत बसून ऐका. गाडीला कायकू त्रास?"

त्या तरुणाने बंद डबा घेतला. जाताना मास्तरांच्या पाया पडला. इन्टेक घेऊन कुणी पाया पडतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मास्तरांशी घासाघीस करता येत नसे, हे माझं दुसरं दुखणं. मी एकदा त्यांच्या सांगितल्या भावाच्या निम्मा भाव बोललो. ते शांतपणे "हौ" म्हणाले, करवत घेतली आणि नळीच्या बरोबर मध्ये खडूने रेघ मारली. "कुठला अर्धा देऊ, शेठ? इंजिनकडचा का हवेकडचा?" भाव करताना समोरच्याने चिडावं, हात झटकावेत, मग आपण दोन पावलं मागे यावं, त्याने एक पुढे. त्यात गंमत असते. हे गृहस्थ जागचे हलतच नसत.

आता त्या प्रश्नाची गोष्ट. इन्टेक ठरवण्याआधी मास्तर प्रत्येकाला विचारत, "घरी कुठल्या रस्त्याने जाता?" आणि विचारून थांबत नसत. त्याच्या गाडीत बसून, त्याच रस्त्याने, त्याच्या घरापर्यंत जात. खड्डे कुठे, धूळ किती, पाणी कुठे तुंबतं, हे सगळं बघत. घरी पोचलं की चहा नाही, फराळ नाही, फक्त पाणी पीत. "तुमच्या घरचं पाणी प्यालो, आता गाडी माझी," म्हणत आणि बसने काचीगुड्याला परत.

मला हे ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की दुकानदार गिऱ्हाइकाला घर विचारतो तेव्हा तो भाव चढवायच्या तयारीत असतो. मी स्वतः आयुष्यभर तेच केलं. बोलता बोलता पत्ता काढायचा, मग आकडा ठरवायचा. रेसकोर्समागे दुमजली घर आहे म्हटलं की संपलंच. म्हणून मी म्हणालो, "इथंच. गौलीगुड्यात. दुकानाच्या माडीवर."

खोटं म्हणावं तर पूर्ण खोटं नव्हतं. दहा वर्षं मी तिथेच राहिलो होतो. लग्न करून सुनंदाला तिथेच आणलं होतं. पण ते घर सोडूनही दहा वर्षं झाली होती.

"चला," मास्तर म्हणाले आणि गाडीत येऊन बसले.

दहा मिनिटांत दुकान आलं. आता काय करणार? मी त्यांना माडीवर नेलं. तिथे सगळी खोकी रचलेली. एका खुर्चीवरची धूळ झटकली. खाली धावत जाऊन नोकरांच्या माठातलं पाणी स्टीलच्या पेल्यात आणलं. मास्तरांनी पेला उंच धरून, ओठांना न लावता, सावकाश पाणी प्यायलं. इकडेतिकडे बघितलं.

"वहिनी दिसत नाहीत?"

"माहेरी गेलीय."

"हौ. घर लगेच कळतं, बाई नसली की," ते म्हणाले. खोक्यांबद्दल एक शब्द नाही. खाली उतरताना म्हणाले, "या रस्त्याला पाणी तुंबत नाही. नदी ओलांडायची नाही. तुम्हाला खालचा चालेल. थंड हवा घेईल, थोडा आवाजही देईल. तुमचंही मन राहील."

बसवला. काय सांगू, तो आवाज! जोरात नव्हता. मोठा श्वास घेऊन कुणी गायला सुरुवात करावी तसा. मास्तरांनी नळीचा तुकडा माझ्या कानाला लावून ऐकवला. "मोकळी झाली," म्हणाले. ते गाडीला यापेक्षा मोठी शाबासकी देत नसत. मी घरी जाताना, मलकपेठला, उगाच दोन चकरा जास्त मारल्या.

पुढचे चार महिने मी दर आठवड्याला शेडमध्ये जायचो. काम नसायचं. बाकावर बसायचं, ते नळी लावून ऐकत असताना आपणही गप्प बसायचं. दिवसभर बाजारात ओरडणारा माणूस मी. मला गप्प बसता येतं, हे मला तिथे कळलं. कंपनीचा काढलेला डबा ते फेकत नसत. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, वर खडूने गिऱ्हाइकाचं नाव लिहून माळ्यावर ठेवत. माझाही तिथे होता. आणि निघताना दर वेळी विचारायचे, "वहिनी आल्या का माहेरून?"

"नाही अजून."

"भांडण केलं असेल. तुमचा स्वभाव तसाच आहे. जाऊन आणा."

घरी मी हे हसत सांगितलं. सुनंदा हसली नाही. "त्या माणसापुढं मला माहेरी बसवलंत? खरं सांगून टाका. एक वाक्य आहे." मी म्हणालो, सांगतो. पण एकदा बोललेला शब्द मी बाजारात कधी मागे घेतलेला नाही, तसंच हे झालं.

मग एका दुपारी तासभर पाऊस कोसळला. चादरघाटावरून मी घराकडे निघालो. मलकपेठच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं होतं. समोरची एक जुनी, खटारा गाडी आरामात पलीकडे गेली. माझी का जाणार नाही? मी घातली. मधोमध गेल्यावर एकच आवाज झाला, खट्. मग काही नाही. खाली बसवलेल्या फिल्टरने हवेऐवजी पाणी ओढलं होतं आणि इंजिन ते प्यायलं होतं. इंजिनमधला रॉड वाकला.

दुसऱ्या दिवशी मी तसाच काचीगुड्याला गेलो. शेडमध्ये पाचसहा माणसं होती. मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मास्तरांनी खिळ्यावरचा सदरा काढून घातला, बटणं लावली, मग विचारलं, "पूल कुठला?"

"मलकपेठचा!"

"तिकडं कशाला गेला होतात?"

इथे सांगायची वेळ होती. सगळे ऐकत होते. मी म्हणालो, "कामाला गेलो होतो! माणूस कामालाही जाणार नाही का?"

त्यांनी बाकावरची करवत बाजूला ठेवली. मग म्हणाले, "बरोबर आहे. मी घर विचारलं, काम विचारलं नाही. चूक माझी. इंजिन मी उभं राहून बांधून घेतो, शेठ."

"काही गरज नाही," मी म्हणालो आणि निघून आलो.

त्यानंतर मी बाजारभर सांगितलं. मास्तरांनी माझी गाडी बुडवली. म्हातारे झाले, आता जमत नाही. माझं दुकान म्हणजे गावातल्या सगळ्या मेकॅनिकांचा नाका, तिथे बोललेलं संध्याकाळपर्यंत सगळीकडे जातं. लोक काचीगुड्याला जायचे कमी झाले. अन्वरभाई एकदा पट्टा घ्यायला आले तेव्हा म्हणाले, "मास्तर आजकल दो सवाल पूछते हैं. घरी कुठल्या रस्त्याने जाता, और आणखी कुठं कुठं जाता. लोग तंग हो जाते हैं, शेठ." ते खालचा इन्टेक आता कुणालाच बसवत नाहीत, असंही त्यांच्याकडून कळलं.

मी त्यांना पट्ट्याचा भाव सांगितला आणि विषय बदलला.

दिवाळीच्या आधी घरासमोर एक ऑटो थांबली. ऑटोवाल्याने धोतराच्या फडक्यातलं एक गाठोडं सुनंदाच्या हातात दिलं. आत माझ्या गाडीचा कंपनीचा डबा, आरशासारखा पुसलेला. वर चिठ्ठी बांधलेली होती, फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात. माझं नाव, आणि खाली, मलकपेठ, रेसकोर्सच्या मागे. दुसरं एक अक्षर नाही.

म्हणजे त्यांना कळलं होतं. कुणीतरी सांगितलं असणार. आता ते येतील, बाजारात सांगतील, मला तोंडावर खोटा पाडतील, म्हणून मी कंबर कसून बसलो. उत्तरंही तयार ठेवली होती. एक दिवस गेला, आठ दिवस गेले, वर्ष गेलं. मास्तर आले नाहीत. कुणाला काही बोलले नाहीत. माझा राग याचा आहे. चूक माझी होती हे मी आता लिहून देतो, पण भांडायचा माझाही हक्क होता की नाही? समोरचा एक शब्द बोलला असता तर मी दोन बोललो असतो, मग तो चार, मग कधीतरी आमचं तुटलं असतं नाहीतर जुळलं असतं. त्यांनी मला माझ्या खोट्यासकट तसंच सोडून दिलं. काचीगुड्यावरून जाताना मी गाडीची काच खाली करायचो आणि शेड दिसली की वर करायचो.

दोन वर्षांनी अन्वरभाईंनीच सांगितलं की मास्तर शेड बंद करून मुलीकडे नांदेडला चाललेत. दुपारची गाडी आहे.

"मी येणार," सुनंदा म्हणाली.

"तू कशाला?"

"तुम्हीच मला माहेरी घातलंय. बाहेर कोण काढणार?"

फलाटावर मास्तर खिडकीपाशी बसले होते. तोच पांढरा सदरा. खिशात खडू नव्हता. दाढी वाढली होती, मानेची हाडं दिसत होती. मला बघून चेहऱ्यावर काही आलं नाही. मग त्यांची नजर माझ्या मागे गेली, सुनंदाकडे. त्यांनी हात जोडले आणि डोळे बारीक करून म्हणाले,

"आलात का वहिनी? फार दिवस राहिलात माहेरी."

सुनंदा हसली आणि तिथेच तिने पदर डोळ्यांना लावला. मी दोन वर्षं पाठ केलेलं सगळं विसरलो. खिडकीचे गज धरून म्हणालो, "मास्तर, मी गौलीगुड्यातून चादरघाटावरून जातो. मग मलकपेठच्या पुलाखालून. रोज. तेव्हाही रोज जात होतो."

"हौ," ते म्हणाले. "लांब पडतं तुम्हाला."

"तुम्ही सांगितलं का नाही कुणाला? मी एवढा बोंबलत होतो. एक शब्द बोलला असता तर..."

"कसं बोलणार, शेठ?" त्यांना खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. "तुम्ही घर म्हणून नेलंत. मी तिथं पाणी प्यालो. ज्या घरचं पाणी प्यालो, ते त्यांचं घरच नाही म्हणून बाजारात कसं सांगू?"

 

सुनंदाने पिशवीतून तांब्या काढला, फुलपात्र काढलं. हे तिने कधी भरून घेतलं होतं मला माहीत नव्हतं. "मलकपेठचं आहे," ती म्हणाली. "आमच्या घरचं." गजांतून फुलपात्र आत दिलं तेवढ्यात गाडीला हिसका बसला. थोडं पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं.

गाडी हलली. मी चार पावलं खिडकीबरोबर चाललो, मग दहा, मग फलाटावरच्या गाठोड्यांनी अडवलं. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते फुलपात्र उंच धरून, मान मागे टाकून, ओठांना न लावता पाणी पीत होते. गाडी वेग घेत होती, हात हलत होता, तरी धार तुटत नव्हती. खिडकी लहान होत गेली तेव्हाही ते पीतच होते, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत.